मेंढीच्या जबड्याखाली पाणी, दर पावसात परत परत: औषधाची बाटली बदलायच्या आधी काय काय बघायचं

आधी लक्षणं सांगते.

जून अर्धा सरला, पाऊस नीट लागला, गवत हिरवंगार झालं, की त्यानंतर साधारण महिन्याभरात संध्याकाळी कळप परत येताना एखादी मेंढी मागे राहायला लागते. वळणावर थांबते, तोंड उघडं ठेवून श्वास घेते, मग येते. जवळ जाऊन बघितलं तर खालच्या जबड्याच्या मागे मऊ पिशवी लोंबत असते, पाणी भरलेल्या फुग्यासारखी. सकाळी बघायला जावं तर पिशवी नाही, आणि घरचे म्हणतात तुला उगाच भास होतात. भास नाही हो, दिवसभर मान खाली घालून चरताना पाणी तिथे उतरतं आणि रात्रभर डोकं वर ठेवून बसली की ओसरतं, म्हणून ही सूज संध्याकाळीच बघायची. बाकी लक्षणं म्हणजे लोकर चिमटीत धरून ओढली तर सहज झुपका हातात येतो, पाठीच्या कण्यावर हात फिरवला की मणके बोटाला टोचतात (लोकरीमुळे नुसत्या डोळ्यांना बारीक मेंढी पण गुबगुबीत दिसते, म्हणून हातच लावायचा), दूध कमी होतं, कोकरं सारखी ओरडतात. आणि गंमत म्हणजे खाणं बऱ्याच वेळा चालूच असतं, लेंडी पण गोळीसारखी व्यवस्थित. त्यामुळे कुणाला संशय येत नाही, आणि एका सकाळी ती गोठ्यात मेलेली सापडते.

आमच्याकडे गोव्यात, डिचोली तालुक्यात, मेंढ्या पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. मी बेळगावकडून दख्खनी मेंढ्या आणल्या, आता १४ माद्या, एक मेंढा आणि पावसाच्या आधीची कोकरं. लोकरीचं म्हणाल तर दख्खनीची लोकर जाडीभरडी, घोंगडीच्या कामाची, ती विकून कातरणाऱ्याची मजुरी सुटली तरी आम्ही खूश असतो, खरा पैसा कोकरांचा. पहिले तीन पावसाळे मी या जबड्याच्या पाण्याशी झगडले. पहिल्या वर्षी चार गेल्या, तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं की गोव्याची हवा मेंढीला मानवत नाही, विकून टाक. हवा मानवत नाही हे अर्धं खरं आहे, आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ही जनावरं देशावरच्या कोरड्या माळाची. पण माझ्या चार मेंढ्या हवेने नाही गेल्या, माझ्या अंदाजपंच्याने गेल्या. ते पुढे येईलच.

आता तपासण्या, फुकटच्या आधी.

पहिली तपासणी, हात लावून बघा. पिशवी थंड आणि मऊ आहे का, बोटाने दाबून सोडलं की खड्डा तसाच राहतो का? मळलेल्या कणकेत बोट रुतवल्यासारखा? तसं असेल तर हे पाणी आहे, पुढे वाचा. गरम असेल, हात लावल्यावर मेंढी दुखून मागे सरत असेल, ताप असेल, श्वासाला घरघर असेल तर हा घटसर्प असू शकतो आणि तो काही तासांत जनावर नेतो, तिथे पुढचं काहीही वाचत बसू नका, डॉक्टरला फोन. अख्खं तोंड, ओठ सुजलेत, लाळ गळतेय, पाय पण लंगडतोय, ताप आहे, तर निळी जीभ नावाचा रोग, तो पावसात चावणाऱ्या बारीक माश्यांनी पसरतो, तिथेही डॉक्टर. एकाच बाजूला घट्ट गाठ असेल, कानाखाली नाहीतर जबड्याच्या कोपऱ्यात, तर ते गळू, ते घरी फोडू नका, त्याचा पू सगळ्या गोठ्यात रोग पसरवतो. आणि दूध पिणाऱ्या तगड्या कोकराच्या गळ्यात वरच्या बाजूला मऊ फुगवटा असेल, कोकरू उड्या मारतंय, पापण्या लाल आहेत, तर काहीच करू नका, ती चांगलं दूध पिणाऱ्या कोकरांना येणारी गाठ आहे, मोठं होईल तशी जाते. मी अशाच एका कोकराला दोनदा जंताचं औषध पाजलं होतं, बिचारं.

थर्मामीटर शंभर-दीडशे रुपयांना मिळतो, गोठ्यात एक ठेवाच. मेंढीचं नॉर्मल १०२ ते १०३ फॅरेनहाइट, आपल्यापेक्षा जास्त, हे माहीत नसेल तर धडधाकट मेंढीला पण ताप आहे म्हणून घाबराल. दुपारी उन्हात चालून आल्यावर लगेच मोजू नका, सकाळी मोजा.

दुसरी तपासणी पापणीची, आणि माझं ऐकाल तर ही एकटी जरी शिकलात तरी अर्धं काम झालं. जबड्याखाली पाणी का येतं? रक्तातलं प्रोटीन कमी झालं की रक्तातलं पाणी नसांमध्ये थांबत नाही, बाहेर झिरपतं आणि सगळ्यात खालच्या सैल जागी साठतं. प्रोटीन कमी का झालं, तर बहुतेक वेळा कुणीतरी आतून रक्त पितंय. तो जंत म्हणजे हिमाँकस, मेंढीच्या चौथ्या पोटात राहतो, दोन-तीन सेंटिमीटर लांब, मादीच्या अंगावर लाल-पांढरा पीळ दिसतो. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त काढतो, ऐकायला काहीच नाही, पण हजार जंत झाले की रोजचं ५० मिली, म्हणजे चहाचा अर्धा कप, आणि २८ किलोच्या मेंढीच्या अंगात रक्तच मुळात दोन लिटरच्या आसपास. बाकी हिशेब तुम्हीच करा.

पापणी कशी बघायची? वरची पापणी बोटाने डोळ्यावर मिटवा, हलकंच दाबा, आणि अंगठ्याने खालची पापणी खाली ओढा, आतली ओली त्वचा वर येईल, तिचा रंग बघा. दिवसाउजेडी, उघड्यावर. गोठ्यातल्या बल्बखाली किंवा मोबाईलच्या टॉर्चमध्ये बघितलेला रंग खोटा असतो. पटकन बघा, कारण उघडी धरून ठेवली की रंग बदलतो. लाल किंवा गुलाबी-लाल असेल तर ठीक, गुलाबी म्हणजे लक्ष ठेवा, फिकट गुलाबी म्हणजे औषध, पांढरी म्हणजे आणीबाणी. यासाठी दक्षिण आफ्रिकेत पाच रंगांचं कार्ड निघालं, फाफा मलान नावाच्या पशुवैद्यांच्या नावावरून त्याला फामाचा म्हणतात, १ म्हणजे लाल आणि ५ म्हणजे पांढरं. ४ आणि ५ ला औषध द्यायचंच, कोकरू, गाभण किंवा दूध पाजणारी असेल तर ३ ला पण. कार्ड मिळालं तर उत्तम, पण फोटोची झेरॉक्स मारून वापरू नका, रंग फसवतो. कार्ड नसेल तर आपल्याच कळपातल्या सगळ्यात धडधाकट मेंढ्याच्या पापणीशी तुलना करा, मी दोन वर्षं तेच केलं.

फक्त सुजलेलीची नाही, सगळ्या कळपाची पापणी बघायची. जून ते ऑक्टोबर दर दहा-बारा दिवसांनी. १४ मेंढ्यांना मला वीस मिनिटं लागतात, माझी सासू धरते आणि मी वहीत लिहिते. सूज हे उशिराचं लक्षण आहे, पापणी आधी बोलते.

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती आपल्या भागातली आहे. पापणी पांढरी नाही तर पिवळट दिसली, हिरड्या पण पिवळ्या, लघवी कॉफीच्या रंगाची, तर हे जंत नाहीत. विचारा स्वतःला, मेंढ्या कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, गेल्या होत्या का? पावसाच्या तोंडावर आणि मग दीड महिन्याने पोफळींवर कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यात मोरचूद असतं म्हणजे तांबं, ते ठिबकून खालच्या गवतावर बसतं. गाय ते पचवून घेते, मेंढीच्या यकृतात ते आठवडेच्या आठवडे साठत जातं आणि एक दिवस अचानक अंगातल्या रक्तपेशी फुटतात. आमच्या दिरांच्या कुळागरात सावली छान, गवत छान, म्हणून मी दुपारी तिकडे बांधायचे. एक मेंढी दोन दिवसांत गेली आणि मी तिला जंत समजून औषध पाजत बसले होते. तसंच गाईसाठीची मिनरलची वीट आणि गाईचं खनिज मिश्रण मेंढीला घालू नका, त्यातही तांबं असतं. आणि जुनी माणसं मोरचुदाचं पाणी पाजायला सांगतात जंतासाठी, त्यांचा हेतू चांगला असतो, पण डोसात जराशी चूक आणि जनावर संपलं.

तिसरी, लेंडी बघा. पुन्हा फुकट. लेंडी गोळीसारखी आणि पापणी पांढरी, तर रक्तपित्या जंत जवळजवळ नक्की. शेण पातळ, काळपट, घाण वास, मेंढी ओल्या शेतात चरलेली, तर पोटातले चपटे कृमी असू शकतात, त्यांची पिल्लं आतड्यात असताना जुलाब लावतात. एक-दोन-तीन महिन्यांच्या कोकराला रक्ताचे जुलाब, कुंथतंय, तर कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले डोळ्यांना न दिसणारे परजीवी, त्यावर जंताचं औषध काहीच करत नाही, ते पाजून तुम्ही फक्त दिवस घालवता. पहिल्या पावसाच्या कोवळ्या गवताने दोन दिवस शेण पातळ होतं ते सोडून द्या.

आता चौथी तपासणी, आणि ही माझी दुखरी नस. औषध दिलं होतं, तरी परत आलं, असं सगळे म्हणतात. किती दिलं होतं? पहिल्या वर्षी डॉक्टरबाईंनी मला हेच विचारलं.

"किती किलोला दिलंत?"

"वीस किलो असेल म्हणून चार मिली."

"वजन केलं होतं?"

"नाही, अंदाज."

त्यांनी काही न बोलता मेंढी उचलायला लावली. बाथरूमच्या वजनकाट्यावर मी एकटी उभी, मग मेंढीला घेऊन उभी, फरक २९ किलो. अडीच टक्क्यांचं अल्बेंडाझोल, गोल जंतासाठी पाच किलोला एक मिली, म्हणजे सहाच्या जवळ पाहिजे होतं आणि मी चार देत होते, आणि तेही महिन्या-महिन्याला. कमी डोसाने दुबळे जंत मरतात, दांडगे वाचतात, आणि पुढची पिढी त्या दांडग्यांची. तीन-चार वेळा असं केलं की तुमच्या कळपात त्या औषधाला न जुमानणारे जंत तुम्हीच तयार केलेले असतात, स्वतःच्या पैशाने. कळपाचं सरासरी वजन काढून सगळ्यांना तेवढंच देणं हीसुद्धा तीच चूक, मोठ्या मेंढीला नेहमी कमी पडतं.

डोसाबरोबर बाकीच्या बारीक गोष्टी पण बघून घ्या कारण फुकट आहेत: बाटली जोरात हलवली का, औषध तळाला बसतं आणि वरचं नुसतं पाणी जातं. एक्स्पायरी बघितली का, आणि बाटली मांगरात पत्र्याखाली उन्हात तापत होती का? सिरिंज जिभेच्या मागच्या भागावर नेऊन सावकाश सोडलं का, कारण तोंडात पुढेच पिचकारी मारली की अर्धं बाहेर येतं, आणि कधी कधी पहिल्या पोटातली पन्हळ मिटून औषध ते पोट चुकवून थेट पुढे जातं आणि लवकर निघून जातं. डोकं आभाळाकडे करून पाजू नका, फुफ्फुसात जाईल, नाक डोळ्याच्या रेषेत ठेवा. आदल्या रात्री वैरण काढून घेतली तर अल्बेंडाझोलच्या गटातलं औषध पोटात जास्त वेळ राहतं आणि चांगलं लागू पडतं, पण शेवटच्या दिवसांतल्या गाभण मेंढीला आणि फार अशक्त झालेलीला उपाशी ठेवू नका. आणि गाभणपणाच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल अजिबात नाही, कोकरात व्यंग येतं.

पाचवी, बाटल्या ओळीने मांडा आणि छोट्या अक्षरातलं नाव वाचा. ब्रँडचं नाही, आतल्या औषधाचं. मी दुसऱ्या वर्षी अभिमानाने सांगायचे की मी औषध बदलून बदलून देते, आणि निघालं काय तर एक अल्बेंडाझोल, दुसरं फेनबेंडाझोल, दोघं एकाच घरातले भाऊ. एकाला जंत जुमानत नसतील तर दुसऱ्यालाही बहुधा नाही. आयव्हरमेक्टिनचं घर वेगळं, लेव्हामिसॉलचं वेगळं, क्लोझंटेलचं वेगळं. ही शेवटची दोन डॉक्टरशिवाय हातात घेऊ नका, लेव्हामिसॉलचा डोस थोडा वर गेला तरी मेंढी थरथरते, कोसळते, आणि क्लोझंटेल जास्त झालं तर आंधळी होते. तसंच कुठलंही औषध दिलेलं जनावर किती दिवस कापायचं नाही हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बकरी ईदच्या तोंडावर गिऱ्हाईक दारात उभं असतं तेव्हा हे विसरायला होतं, विसरू नका.

आणि सगळ्या कळपाला एकदम पाजायची सवय सोडा. हे मला पटायला फार वेळ लागला कारण डोकं सांगतं, सगळे जंत एकदम मारून टाकू. पण लाल पापणीच्या मेंढ्यांना सोडून दिलं की त्यांच्या पोटातले साधे, औषधाने मरणारे जंत शिवारात अंडी टाकत राहतात आणि दांडग्या जंतांची भेसळ पातळ होते. सगळ्यांना पाजलं तर कुरणात फक्त दांडग्यांचीच अवलाद उरते. आता माझ्या कळपात एका वेळी चार-पाच मेंढ्यांनाच औषध लागतं, आणि वही बघितली तर दर वेळी त्याच त्या. तशा दोन मी पुढे विकल्या, त्यांची कोकरं पैदाशीला ठेवली नाहीत, कारण हा कमकुवतपणा आईकडून कोकरात उतरतो. सुंदरबनातली गारोळ जात बघा, दलदलीत राहते आणि या जंताला बरीच तोंड देते, फलटणच्या निंबकर संस्थेने जुळ्या कोकरांसाठी तिचा संकर दख्खनीशी केलाय. एक-दोन मिळाल्या तर घ्यायचा विचार आहे माझा.

सहावी, चरायला कुठे आणि किती वाजता. ही तपासणी पैशाने स्वस्त पण अंगमेहनतीची. मादी जंत दिवसाला ५ ते १० हजार अंडी टाकतो, ती लेंडीतून पडतात, आपल्या पावसाळी उबेत आठवड्याभरात अळी तयार, ती दवावरून गवताच्या पात्यावर चढते आणि गवताच्या खालच्या चार बोटांत बसून राहते. मेंढीने खाल्ली की तीन आठवड्यांत तीच अंडी घालते. म्हणजे औषध देऊन त्याच कुरणात सोडलं तर महिन्याभरात होतो तिथे परत. म्हणून सकाळी दव सुकल्याशिवाय सोडू नका, पाऊस उघडला असेल तर दहा-अकरा नंतर. शेताच्या मेरेवरचं, म्हणजे बांधावरचं, मखमलीसारखं आखूड चरलेलं गवत सगळ्यात धोक्याचं, तेच आपल्याला सगळ्यात चांगलं वाटतं. आम्ही जुलै-ऑगस्टमध्ये सड्यावर नेतो, जांभ्यावर पाणी साचत नाही अशा उतारावर, आणि घरी फणसाचा पाला टांगून देतो. अळी झाडावर चढत नाही, पाला जेवढा जास्त तेवढे जंत कमी, हिशेब सोपा. कुरणाचे दोरीने तुकडे करून एका तुकड्यात चार दिवसांपेक्षा जास्त नाही आणि परत तिथे दीड-दोन महिने नाही, असं जमलं तर फार फरक पडतो. थंड देशात अळी महिनोन् महिने टिकते, आपल्या उकाड्यात तिची शिदोरी लवकर संपते, हवेचा एवढा तरी फायदा घ्या. जागा नसेल तर मधल्या काळात त्या तुकड्यात गाई चारा, हा जंत गाईत फारसा रुजत नाही.

गोठ्याचं म्हणाल तर जमिनीपासून दोन हात उंच, पोफळीच्या चिरलेल्या पट्ट्यांचा मजला, लेंड्या खाली पडतात. बकऱ्यांना करतात तसाच. खुरांनाही बरं.

कोकरांचं वेळापत्रक बघा. विण्याच्या आसपास मेंढीची ताकद उतरते आणि तिच्या लेंडीतली अंडी एकदम वाढतात, आणि ती वेळ जर जुलै असेल तर कोवळी कोकरं बरोबर त्याच गवतावर तोंड लावतात. मेंढी पाच महिन्यांची गाभण. म्हणजे जून-जुलै-ऑगस्टमध्ये कोकरं नको असतील तर जानेवारी ते मार्च मेंढा वेगळा बांधायचा. आमचा मेंढा त्या तीन महिन्यांत दोरी तोडून दोनदा गेला, ते जाऊ दे.

सातवी, लेंडी तपासणी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, तालुक्याला असतो. जमिनीवरची वाळलेली लेंडी नेऊ नका, हातमोजा घालून थेट मेंढीच्या गुदद्वारातून ताजी घ्या, पिशवीवर नंबर लिहा, गार ठेवा, त्याच दिवशी पोचवा. एका ग्रॅममध्ये किती अंडी ते सांगतात. माझा सल्ला, औषधाच्या दिवशी एकदा आणि त्याच मेंढ्यांची १४ दिवसांनी परत एकदा करा. डोस बरोबर असूनही अंड्यांची घट ९५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते औषध तुमच्या कळपात निकामी व्हायला लागलंय. माझ्याकडे अल्बेंडाझोलचं तेच निघालं. तीन वर्षं ज्या बाटलीवर पैसे घातले ती बाटली जवळपास पाणीच होती. हे अंदाजाने कधीच कळलं नसतं.

पावसात नव्हे तर दिवाळीनंतर, डिसेंबर-जानेवारीत सूज आली तर माझा संशय बदलतो. तेव्हा यकृतातले पर्णकृमी बघायचे. ते पाण्यातल्या बारीक गोगलगायींतून येतात, वायंगण म्हणजे उन्हाळी भाताची शेतं, पाट, झऱ्याच्या कडेची ओली जागा, आणि पोटात गेल्यापासून मोठे व्हायला तीन-चार महिने घेतात, म्हणून उशिरा दिसतात. दवाखान्यात सांगा की पर्णकृमीसाठी पण बघा, कारण त्यांची अंडी जड असतात, नेहमीच्या तपासणीत तरंगत नाहीत, तळाचा गाळ बघावा लागतो. आयव्हरमेक्टिन यांना काही करत नाही, अल्बेंडाझोल जास्त डोसात फक्त मोठ्यांना मारतं, पिल्लांना नाही. औषध डॉक्टर ठरवतील. तुम्ही एवढं करा, ओल्या शेतातलं ताजा भाताचा पेंढा घालताना बुंध्याकडचा पाण्यात बुडलेला भाग कापून टाका, आणि प्यायला विहिरीचं पाणी बादलीत द्या.

खाण्याबद्दल थोडक्यात. औषधाने जंत मरतो, गेलेलं रक्त परत येत नाही, ते मेंढीला स्वतः बनवायचंय आणि त्याला प्रोटीन लागतं. खोबऱ्याची नाहीतर शेंगदाण्याची पेंड, थोडी थोडी सुरू करून, तीन-चार आठवडे. पापणी परत लाल व्हायला तेवढे दिवस जातातच, चौथ्या दिवशी लाल दिसत नाही म्हणून परत औषध पाजू नका. आणि पांढऱ्या पापणीची मेंढी पळवू नका, सड्यावर चढवू नका, औषध पाजायला पाठलाग करू नका. अंगात रक्त नाही, दमली की तिथेच बसते आणि उठत नाही. माझी एक अशीच हातात गेली. कुड्याची साल, कडुनिंब वगैरे मी करून बघितलं, लाल पापणीला देऊन काही बिघडत नाही, पण पांढऱ्या पापणीला त्याच्यावर ठेवलंत तर मेंढी जाणार.

आणि नवीन मेंढी बाजारातून आणली की तीन आठवडे वेगळी ठेवा, लेंडी तपासा, मग मिसळा. दुसऱ्याच्या कळपातले दांडगे जंत असेच येतात.

आता कुठे थांबायचं ते. पापणी पूर्ण पांढरी आणि मेंढी बसून आहे, डॉक्टर, आजच, काही वेळा रक्त चढवावं लागतं आणि ते आपलं काम नाही. सूज गरम, ताप १०४ च्या वर, तोंडाला लाळ, डॉक्टर. पिवळेपणा किंवा काळी लघवी, डॉक्टर, आणि कुळागरात फवारणी कधी झाली ते सांगा. वजन करून बरोबर डोस दिला आणि दोन आठवड्यांत पापणी तसूभर सुधारली नाही, तर तिसरी बाटली विकत आणू नका. औषध लागू पडतंय, अंडी नाहीत, खाते पण आहे, तरी महिनोन् महिने झिजतेय, तर जोन्स (Johne's) नावाचा आतड्याचा रोग असू शकतो, त्याला इलाज नाही आणि तो बाकीच्यांना लागतो, तेव्हा तपासणी करून ती वेगळी काढावी लागते. आठवड्यात दोन मेल्या तर एकीचं पोस्टमॉर्टेम करून घ्या, पुरायची घाई करू नका पण उशीरही करू नका, आपल्या हवेत चार-पाच तासांत आतलं सगळं कुजायला लागतं. चौथं पोट उघडलं की जंत असतील तर नुसत्या डोळ्यांना दिसतात, लाल दोरे वळवळत असतात. मात्र नाकातोंडातून रक्त येऊन अचानक मेली असेल तर अजिबात फाडू नका, हात लावू नका, ती फाशी रोगाची, म्हणजे अँथ्रॅक्सची, केस असू शकते आणि फाशी माणसाला लागते.

फोन करताना हातात वही ठेवा. किती मेंढ्या, वजन, पापणीचा रंग, शेवटचं औषध कुठलं, किती मिली, कुठल्या तारखेला, कुठे चरत होत्या. मी पहिल्यांदा फोन केला तेव्हा एवढंच सांगितलं होतं की डॉक्टर, मेंढीच्या गळ्यात फुगा आलाय, आणि त्यांना मला उलटे दहा प्रश्न विचारायला लागले, त्यातल्या एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं.